हुनर आपले, मालकी कोणाची?
स्वतंत्र संशोधकाच्या वाटेवरील अडचणी आणि त्यांवरील उपाय

आपल्या समाजात हातात हुनर असणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. लोहारकाम, सुतारकाम, वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग, गादीकाम, शिलाई, फळांचा व्यापार अशा धंद्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसाला काम करता करताच एखादी युक्ती सुचते. अवजारात थोडा फेरफार होतो आणि दोन माणसांचे काम एक माणूस करू लागतो. शेजारीपाजारी कौतुक करतात, 'याचे पेटंट घ्या' असा सल्लाही देतात. परंतु पुढे काय करायचे हे ना सल्ला देणाऱ्याला ठाऊक असते, ना कारागिराला. दोन-तीन वर्षांनी तेच अवजार दुसऱ्याच गावच्या कारखान्यातून दुसऱ्याच्या नावाने विक्रीला येते आणि मूळ कारागीर हळहळत बसतो.

असे का घडते? बहुतेक वेळा दोष कल्पनेत नसतो, मेहनतीतही नसतो. दोष कामांच्या क्रमात असतो. जे आधी करायचे ते नंतर केले जाते आणि जे नंतर करायचे ते आधी. हा क्रम नीट कळावा म्हणून आपण एक उदाहरण घेऊ.

समजा, जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, हसनाबाद येथे एका वेल्डिंगवाल्याने मोसंबीची आकारानुसार निवड करणारे हाताने चालवायचे यंत्र बनविले. जालना जिल्हा मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. बागेतला माल काढल्यावर लहान-मोठी फळे वेगळी करण्यात बागवानाचा बराच वेळ आणि मजुरी जाते. तेव्हा यंत्र उपयोगाचे आहे यात शंका नाही. आता या कारागिरापुढे कोणकोणत्या अडचणी येतील ते पाहू.

पहिली अडचण : दुकान बोलायला लावते, कायदा गप्प बसायला सांगतो

कारागिराचे दुकान रस्त्यावर असते. नवीन वस्तू तयार झाली की ती दारात उभी करायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, हीच त्याची जाहिरात. पेटंटचा कायदा मात्र नेमके उलट सांगतो. आपल्याकडे पेटंट अधिनियम १९७० सालचा असून तो १९७२ पासून अमलात आहे. १९९९, २००२ आणि २००५ साली त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्याप्रमाणे संशोधन 'नवे' असले पाहिजे. अर्जाच्या तारखेपूर्वी ती वस्तू विकली गेली, उघड वापरात आली किंवा तिची माहिती छापली गेली, तर ती कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही. ती खुद्द संशोधकाने विकली असली तरीही!

म्हणजे आपल्या वेल्डिंगवाल्याने पाच यंत्रे बागवानांना विकली, कृषी प्रदर्शनात एक मांडले, एखाद्याने त्याची चित्रफीत काढून मोबाइलवर सर्वत्र पाठविली आणि त्यानंतर तो अर्ज करायला गेला, तर त्याचा हक्क त्याने स्वतःच्याच हाताने घालविला असे होते. कायद्यात काही सवलती आहेत, पण त्या अरुंद आहेत. केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली असेल, तर बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. परंतु गावोगावची प्रत्येक जत्रा किंवा मेळा हे असे प्रदर्शन नव्हे. तसेच यंत्राची चाचणी लोकांसमोर घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर अर्जापूर्वीच्या एका वर्षातील वाजवी चाचणी चालते. मात्र चाचणी वेगळी आणि विक्री वेगळी.

यावर उपाय काय? 'तात्पुरते विवरणपत्र' ही सोय याच अडचणीसाठी आहे. यंत्र पूर्णत्वास गेले नसले तरी त्याची कल्पना, रचना व आकृत्या लिहून अर्ज करता येतो आणि ती तारीख आपल्या नावावर नोंदली जाते. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पूर्ण विवरणपत्र द्यावे लागते. न दिल्यास अर्ज सोडून दिला असे समजले जाते. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास मूळ शुल्क १,६०० रुपये आहे आणि पुढे तपासणीच्या विनंतीचे शुल्क ४,००० रुपये. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. वकील किंवा एजंट नेमलाच पाहिजे असे बंधन नाही. तथापि पूर्ण विवरणपत्रातील 'दावे', म्हणजे नेमके कशावर हक्क सांगायचा ती वाक्ये, लिहिणे हे जाणकाराचे काम आहे. त्या एका कामावर चार पैसे खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

अर्ज होईपर्यंत कोणाला यंत्र दाखविणे भागच असेल, तर 'ही माहिती गुप्त ठेवीन' असे एक पान लिहून सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडून कागद कसा मागायचा, असा संकोच अनेकांना वाटतो. परंतु कागद हा अविश्वासाचा पुरावा नसून व्यवहार स्वच्छ राहावा म्हणून घेतलेली काळजी असते.

दुसरी अडचण : 'नवे' म्हणजे नेमके काय?

आपल्या गावात कोणी पाहिले नाही म्हणून वस्तू नवी ठरत नाही. तिची माहिती जगात कोठेही आधी छापलेली नसावी लागते. शिवाय त्या क्षेत्रातील साधारण जाणकाराला सहज सुचेल असा तो फेरफार नसावा. येथेच बहुसंख्य कारागिरांचे अर्ज अडतात.

या संबंधात सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ सालचा एक निकाल प्रत्येक कारागिराने माहीत करून घ्यावा असा आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या नावाने तो ओळखला जातो. खटला उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यातला. लेथवर भांडे फिरवून त्याला आकार व चकाकी देताना ते निसटून उडण्याचा धोका असे. ते दाबून घट्ट धरून ठेवणारी एक रचना केली गेली आणि १९५१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज होऊन पुढे ते मिळालेही. मग दुसऱ्या एका कारखानदाराने तशीच रचना वापरली म्हणून दावा झाला. पंचवीस वर्षे प्रकरण चालले आणि शेवटी न्यायालयाने पेटंटच रद्द ठरविले. कारण हे की, तशी रचना त्या धंद्यात पूर्वीपासून माहीत होती आणि केलेला बदल हा कारखान्यात रोजच्या कामात होत राहणाऱ्या सुधारणेपलीकडचा नव्हता.

हा निकाल कडू वाटेल, पण त्यातला मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. ज्ञात असलेले दोन सुटे भाग शेजारी-शेजारी जोडले आणि प्रत्येक भाग आपापले जुनेच काम करीत राहिला, तर ते संशोधन नव्हे असे कायद्यातच लिहिले आहे. मोसंबीच्या यंत्राला चाके लावली म्हणजे चालते-फिरते यंत्र झाले, पण संशोधन झाले नाही. मात्र फळाला मार लागू न देता ते निवडणारी अशी एखादी रचना असेल जी आधीच्या यंत्रांत नव्हती आणि जाणकारालाही सहज सुचली नसती, तर ती रचना हा पेटंटचा विषय होऊ शकतो.

जर्मनीत १८९१ पासून अशा लहान सुधारणांसाठी पेटंटपेक्षा सोपी व कमी मुदतीची वेगळी नोंदणी आहे, चीनमध्येही आहे. भारतात ती नाही. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ कारागिरांची युक्ती उपयोगी असूनही पेटंटच्या चाळणीतून खाली पडते. अशा वेळी दोन रस्ते उरतात. वस्तूचे बाह्य रूप नवे असेल तर डिझाइन्स अधिनियम २००० खाली नोंदणी करावी. ती दहा वर्षे टिकते व पुढे पाच वर्षे वाढते. दुसरा रस्ता ट्रेडमार्कचा. वस्तू कोणीही बनवो, आपले नाव दुसऱ्याला लावता येणार नाही, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण केल्यास ही नोंदणी कायम राहते. चांगल्या मालाचे नाव बाजारात रुजले की ते पेटंटइतकेच मोलाचे ठरते.

म्हणून खर्चात पडण्यापूर्वी शोध घ्यावा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधीचे अर्ज विनामूल्य पाहता येतात. घरातील कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींना हे काम दोन संध्याकाळी जमते. आपली कल्पना आधीच कोणीतरी नोंदविली आहे असे कळले, तर निराश होऊ नये. दोन लाख रुपये बुडण्याऐवजी दोन संध्याकाळी गेल्या, एवढाच हिशेब करावा. एखाद्या जुन्या पेटंटची मुदत संपलेली असेल, तर ती रचना कोणालाही मोफत वापरता येते, हाही त्या शोधाचा एक फायदा आहे.

तिसरी अडचण : एक नमुना आणि शंभर नग

एक यंत्र हाताने बनविणे आणि तसेच शंभर बनविणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले यंत्र भंगारातील पाइप, जुन्या सायकलची चेन आणि हाताशी असेल तो पत्रा यांतून होते. ते चालते, कारण बनविणारा स्वतः समोर उभा असतो व काही बिघडले की हातोडीने नीट करतो. गिऱ्हाइकाच्या बागेत मात्र तो नसतो. तेथे यंत्र न बिघडता चालले पाहिजे, बिघडले तर सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळाला पाहिजे.

इंग्लंडच्या जेम्स डायसन यांनी पिशवीविना चालणारा व्हॅक्युम क्लीनर बनविला, तेव्हा यश येईपर्यंत ५,१२७ नमुने करावे लागले असे ते स्वतः सांगतात. आपल्या कारागिराला एवढी चैन परवडणारी नाही. पण पाच-सात नमुने होणारच, हे धरूनच पैशाचे नियोजन करावे. प्रत्येक नमुन्याची तारीख, मापे, काय बिघडले व काय बदलले, याची वहीत नोंद करावी. फोटो काढून ठेवावेत. ही वही पुढे विवरणपत्र लिहिताना कामी येते आणि वाद झालाच तर संशोधक कोण याचा पुरावाही होते. मापांची नीट आकृती काढून घेण्यासाठी पॉलिटेक्निक किंवा आयटीआयमधील शिक्षकांची मदत घ्यावी. मात्र गुप्ततेचा कागद तेथेही विसरू नये.

चौथी अडचण : भांडवल

मराठी माणसाला या बाबतीत शंकर आबाजी भिसे यांची हकिगत ठाऊक असावी. १८६७ साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाने १८९७ साली लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा आराखडा पाठवून जिंकली. पुढे ते इंग्लंडला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. छपाईचे खिळे पाडणारे त्यांचे यंत्र त्या वेळच्या यंत्रांहून कितीतरी जलद होते. पण यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, १९०८ च्या सुमारास, पैसा संपला. मग सर रतन टाटा यांच्या भांडवलावर टाटांच्या व भिश्यांच्या नावाने मंडळ उभे राहिले, तेही पहिल्या महायुद्धाच्या काळात बंद पडले. भिसे अमेरिकेला गेले. खिळ्यांच्या यंत्रावर आयुष्य खर्च केलेल्या या संशोधकाला पैसा मिळाला तो मुख्यतः आयोडिनयुक्त औषधातून. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. 'भारताचे एडिसन' म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्यांचीही ही अवस्था! बुद्धी अफाट होती. अडले ते यंत्र तयार होणे आणि पहिली विक्री होणे यांमधल्या काळातील पैशाने.

हाच काळ आपल्या कारागिराला खातो. तेव्हा राहते घर किंवा चालू दुकान गहाण टाकून संशोधन करू नये. पोटाचा धंदा चालू ठेवून त्यातल्या ठरावीक रकमेवरच नमुन्याचे काम करावे. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची 'प्रिझम' ही योजना वैयक्तिक संशोधकांना नमुना बनविण्यासाठी अनुदान देते. ते कर्ज नव्हे. २०२३ साली सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत लोहार, सुतार, कुलूप बनविणारे, गवंडी, शिंपी अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे आणि ही मदत कर्जापासून वेगळी आहे. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

व्याजाचे कर्ज टाळू पाहणाऱ्या आपल्या अनेक वाचकांना एकाचे भांडवल व दुसऱ्याची मेहनत ही मुदारबतची पद्धत परिचित आहे. संशोधनासाठी ती योग्यही आहे, कारण यश मिळेपर्यंत हप्ता भरावा लागत नाही. परंतु करार तोंडी नसावा. पेटंट दोघांच्या नावावर असेल आणि वेगळे काही लिहिलेले नसेल, तर दोघांचा वाटा समान धरला जातो, आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला ते विकता किंवा इतरांना वापरायला देता येत नाही. म्हणजे भांडण झाले तर यंत्र दोघांच्याही हातून अडून राहते. नफ्याचा वाटा, तोट्याची जबाबदारी, पेटंट कोणाच्या नावावर, भागीदारी मोडली तर काय, या चार गोष्टी पहिल्याच दिवशी कागदावर याव्यात.

पाचवी अडचण : श्रेय

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ साली आपल्या शेतात धानाची काही वेगळी लोंबी दिसली. ती निवडून, पुनःपुन्हा पेरून त्यांनी काही वर्षांत बारीक दाण्याचा नवा वाण तयार केला. नाव ठेवले एका व्यापाऱ्याने, त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून : एचएमटी. वाण दूरवर पसरला. कृषी विद्यापीठाने १९९४ साली बियाणे नेले आणि १९९८ साली आपल्या नावाने सुधारित वाण बाहेर काढला. दादाजींना त्यातून काही मिळाले नाही. राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरव झाला तो २००५ साली, राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या वाणाचा तांदूळ लाखो घरांत शिजत होता आणि त्यांचे स्वतःचे दिवस मात्र हलाखीत गेले होते.

दादाजींनी वाण तयार केला तेव्हा शेतकऱ्याने शोधलेल्या वाणाला संरक्षण देणारा कायदा देशात नव्हता. तो २००१ साली आला. आज ती सबब उरलेली नाही. शिवाय अहमदाबाद-गांधीनगर येथील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही संस्था २००० सालापासून औपचारिक शिक्षण नसलेल्या संशोधकांच्या कल्पना नोंदवून घेते, योग्य वाटल्यास पेटंटचा अर्ज करण्यास व नमुना सुधारण्यास मदत करते. त्यासाठी शुल्क पडत नाही.

सहावी अडचण : गिऱ्हाईक

बिहारमधील मोतिहारीचे मोहम्मद सैदुल्लाह यांनी १९७५ च्या पुरानंतर पाण्यावर चालणारी सायकल बनविली. बक्षिसे मिळाली, देशभर कौतुक झाले. पण अशी सायकल रोज विकत घेणारे गिऱ्हाईक कोठे आहे? उलट आपल्या भोकरदनपासून फार दूर नसलेल्या, जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे पुढचे चाक व हँडल घेऊन त्याला कोळप्याचे पाते लावले आणि 'कृषिराजा' नावाचे कोळपणीचे अवजार केले. ज्याच्याकडे बैलजोडी नाही अशा लहान शेतकऱ्याची गरज त्यात होती. यंत्र साधे, किंमत आवाक्यातली, दुरुस्ती गावच्या सायकल दुकानात होणारी. सैदुल्लाह यांच्या बुद्धीला तोड नाही. पण विक्रीच्या दृष्टीने दुसरे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

तेव्हा आपल्या वेल्डिंगवाल्याने यंत्र न दाखविताही दहा बागवानांना तीन प्रश्न विचारावेत : फळे निवडायला सध्या मजुरी किती जाते? असे काम यंत्राने झाले तर किती रुपये मोजाल? वर्षातून किती दिवस ते वापराल? 'छान आहे' हे उत्तर नव्हे. 'इतके देईन' हे उत्तर होय.

पेटंट मिळाले म्हणजे काम संपले?

नाही. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे, परंतु तिसऱ्या वर्षापासून दरवर्षीची फी भरावी लागते. न भरल्यास हक्क जातो. नक्कल करणाऱ्यावर सरकार आपणहून कारवाई करीत नाही, जिल्हा न्यायालयात दावा आपल्यालाच लावावा लागतो. अमेरिकेत मोटारीच्या थांबून-थांबून चालणाऱ्या वायपरचे संशोधक रॉबर्ट कर्न्स यांनी फोर्ड कंपनीवर १९७८ साली दावा लावला, त्याची तडजोड १९९० साली झाली. रक्कम एक कोटी डॉलरहून अधिक मिळाली, पण बारा वर्षे गेली. आपल्यासारख्यांनी म्हणूनच कोर्टाच्या आधी बाजाराचा विचार करावा : नक्कल करू पाहणाऱ्या कारखानदाराला दर नगामागे ठरावीक रक्कम घेऊन लेखी परवाना देणे हे पुष्कळदा दोघांच्याही फायद्याचे होते.

क्रम लक्षात ठेवा

सारांश, आधी वही आणि नोंद. मग जुन्या पेटंटांचा शोध. मग गिऱ्हाइकाची विचारपूस. मग तात्पुरता अर्ज. आणि त्यानंतरच प्रदर्शन, चित्रफीत व विक्री. तात्पुरत्या अर्जानंतरच्या बारा महिन्यांत नमुना सुधारून घ्यावा, विक्रीचा अंदाज घ्यावा आणि पूर्ण अर्जाचा खर्च करायचा की नाही ते ठरवावे. माल विकला जात नसेल तर तेथेच थांबण्यात कमीपणा नाही.

हसनाबाद असो वा अन्य कोणते गाव, दुकानाच्या दारात नवे यंत्र उभे करण्याचा मोह प्रत्येक कारागिराला होतो. तो मोह फक्त तेवढे चार आठवडे आवरावा. यंत्रावर कापड टाकून ठेवावे, अर्जाची पावती हाती येऊ द्यावी आणि मग खुशाल कापड काढावे.